वस्तू एकटी फुटत नसते

आईने पाठवलेल्या लोणच्याची बरणी माझ्या स्वयंपाकघरात फुटून पडली होती, आणि खालच्या मजल्यावरचे काकाजी गुडघ्यांवर बसून तिच्याभोवती खडूने रेघ ओढत होते. आमची ओळख ही अशी झाली.

"मॅडम, पाय हलवू नका. पंचनामा होईपर्यंत कोणी जागा सोडायची नाही."

"अहो, गॅसवर दूध आहे!"

"दुधाचा पंचनामा वेगळा करू."

दूध माझ्या डोळ्यांदेखत उतू गेलं. मी सक्करदऱ्याच्या त्या बिल्डिंगमध्ये नुकतीच भाड्याने आले होते. फरशी पुसायला आणि भांडी घासायला आधीच्या भाडेकरूंचीच बाई, सुनंदा, पुढे चालू ठेवली होती. तिच्या हातून बरणी गेली आणि माझं डोकंच फिरलं. उद्यापासून येऊ नको, असं मी ओरडत होते तेवढ्यात हे गृहस्थ बनियन-पायजम्यावर, हातात टॉर्च आणि टेप घेऊन, न बोलावता घरात आले. "पयले पाहू, मंग बोंबलू," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

आयुष्यभर ते विमा कंपनीत सर्व्हेअर होते. कुठे ट्रक उलटला, कुठे कापसाच्या गंजीला आग लागली, कुठे दुकानात पाणी शिरलं की यांनी जायचं आणि नुकसान कसं झालं ते शोधायचं. साहेबलोकांनी सांगूनही अहवालातला शब्द बदलला नाही म्हणून गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंत सगळा विदर्भ त्यांना बदल्यांवर दाखवण्यात आला. निवृत्त झाल्यावर ट्रक गेले, गंज्या गेल्या, डोळे तेवढे शिल्लक राहिले. मग त्या डोळ्यांना आमच्या बिल्डिंगमधल्या कपबश्या पुरायला लागल्या.

"बरणी रोज कुठे असते?"

"वरच्या फळीवर."

"काल रात्री जेवताना कोणी काढली?"

"मीच."

"हात धुतले होते?"

"जेवताना कोण मधेच हात धुतं हो?"

त्यांनी बरणीचा एक तुकडा उचलला, बोट फिरवलं, टॉर्च मारला. मग त्याच तुकड्यावरची आंब्याची फोड नमुना म्हणून तोंडात टाकली आणि डोळे मिटून बराच वेळ चघळली. निकाल दिला तो असा: बरणीच्या बाहेरच्या अंगाला तेल. तेल मालकिणीच्या हाताचं. तेलकट बरणी कोणाच्याही हातून सुटणारच. सबब, मूळ कारण मालकीण. "वस्तू एकटी फुटत नसते, मॅडम. तिच्यामागे लोकं उभे असतात."

सुनंदा तिकडे कोपऱ्यात मान हलवून राहिली होती, जशी काही निकालाची प्रत तिलाच मिळणार होती. तो निकाल मला आजही मान्य नाही. पण बाई राहिली.

आता सुनंदाबद्दल सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बिचारी गरीब गाय. गाय कसली, वावटळ होती. ती घरात शिरली की आधी आवाज यायचा आणि मग ती यायची. फरशी अशी पुसायची की चकचकीत दिसावी, आणि पुसता पुसता वाटेत येईल त्याला उडवत जायची. तिचा हात जड. काचेच्या ग्लासालाही ती कढईसारखा घासायची. कामात मात्र कधी खाडा नाही. नवऱ्याचा आधार नव्हता, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि आमच्या बिल्डिंगमधल्या घरांवरच तिचं सगळं चालायचं. हे ती स्वतःच सांगायची, रडत नाही, ठणकावून. "माही पोट्टी एकदा नर्स झाली का मंग तुमचे कप तुमीच घासजा."

आणि एक गोष्ट तिने उभ्या जन्मात केली नव्हती. ती म्हणजे कबुली. कप तिच्या हातात असायचा, कान जमिनीवर असायचा, आणि ही म्हणायची, "मी न्हाई वं ताई. मी त पकडूनच होती. तोच सुटून गेला."

काकाजींकडे परत येते. त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे शिक्षा होती. उभ्या गाड्यांचे पोचे बघत चालायचे. "हा खांबाले लागला. मालकानं घरी सांगितलं असंन, गाय आडवी आली." लग्नाला गेले की नवरानवरीकडे पाठ करून मांडवाच्या वायरी बघत बसायचे, आणि आचाऱ्याला सिलिंडर सरकवायला लावल्याशिवाय पंगतीला बसायचे नाहीत. एकदा आम्ही शेजारच्या गल्लीत एका घरी भेटायला गेलो होतो. म्हातारे आजोबा गेले होते. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "मूळ कारण?" मुलगा म्हणाला, वय. काकाजी म्हणाले, "वय हे कारण नाही गा, ती परिस्थिती आहे." मी त्यांना ओढतच बाहेर आणलं.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. तो दर उन्हाळ्यात म्हणायचा, बाबा, एसी बसवून देतो. काकाजींचं उत्तर ठरलेलं. "एसीची हवा बंद डब्यातली. मले माहा कूलर पुरे."

तो कूलर म्हणजे एक प्रकरणच होतं. जाड पत्र्याचा, गॅलरीच्या बाजूने खिडकीला टेकवून बसवलेला, कपाटाएवढा. तरुणपणी त्यांनी समोर उभं राहून तो बनवून घेतला होता. होळी झाली की ते स्वतः वाळ्याच्या नव्या ताट्या आणायचे, कूलरच्या तिन्ही बाजूंना लावायचे, आणि पहिलं पाणी सोडलं की सगळ्या जिन्यात वाळ्याचा वास भरायचा. समोर वेताची एक खुर्ची. त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणी बसायचं नाही, असा कायदा. मी एकदा नकळत बसले होते. ते माझ्याकडे असं बघत राहिले की मी उठून बुटक्या मोड्यावर बसले. नागपूरचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला मी काय सांगू? एप्रिल ते पाऊस, हा माणूस त्या खुर्चीत असायचा आणि बाकीचं जग त्याच्या दृष्टीने तव्यावर असायचं.

तर, मोराची गोष्ट. तळमजल्यावर आमचे सेक्रेटरी राहायचे. हिंगण्याला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं, आणि तिथले कामगार ऐकत नसत म्हणून की काय, ते बिल्डिंगवर हुकूम सोडायचे. त्यांच्या शोकेसमध्ये काचेचा मोर होता, बायकोच्या माहेरचा. एका सकाळी सुनंदा शोकेस पुसत असताना मोराची मान खाली आली. सेक्रेटरीणबाईंनी रडून घर डोक्यावर घेतलं. सेक्रेटरींनी फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, आता तरी या बाईचा निर्णय घ्या, आणि शिवाय पंचनाम्याला काकाजींनाच बोलावलं. या वेळी पुरावा पक्का होता ना!

काकाजींनी सगळ्यांना जागेवर उभं केलं. मोराची मान भिंगाखाली धरली.

"सेक्रेटरी साहेब, इथे डिंकासारखं काही दिसून राहिलं. ही मान आधीच एकदा तुटली होती. कोणी चिकटवली?"

सेक्रेटरी छताकडे बघायला लागले.

"अहो, काहून बोलत नाही तुम्ही?" सेक्रेटरीणबाईंनी विचारलं. त्यांचं रडणं थांबलं होतं आणि आवाज खाली आला होता. नवऱ्याने घाबरावं असा तो आवाज.

मागच्या दिवाळीत शोकेसमागचं लायटिंग लावताना सेक्रेटरींच्याच कोपराने मोर पडला होता. त्यांनी गुपचूप मान चिकटवली आणि चूप बसले. मूळ कारण: मालक. सुनंदा जाता जाता म्हणाली, "मी म्हनलंच होतं, तो सोताच सुटला." सेक्रेटरींच्या घरी पुढचे कित्येक दिवस खिचडीच शिजत होती, हे वासावरून सगळ्या जिन्याला कळत होतं.

त्या मोराचा राग सेक्रेटरी विसरले नाहीत. गच्चीवरच्या मीटिंगमध्ये त्यांनी विषय काढला. "ही बाई बिल्डिंगचं वाटोळं करून राहिली, अन् आमचे काकाजी दरवेळी मालकालेच फाशी देऊन राहिले. माझं एवढंच म्हणणं आहे. ज्या दिवशी काकाजी स्वतःच्या हातानं लिहून देतील की नुकसान बाईनं केलं, त्या दिवसापासून ही बाई बिल्डिंगमध्ये दिसली नाही पाहिजे. एकाच्याही घरी नाही. बोला काकाजी, मंजूर?"

सगळे काकाजींकडे बघत होते. सुनंदा गच्चीच्या दारात झाडू घेऊन उभी होती.

"मंजूर," काकाजी म्हणाले. "जे असंन ते लिहीन."

सुनंदाचा चेहरा पडला. मलाही त्यांचा राग आला. थोडं तरी आढेवेढे घ्यायचे! पण त्यांना तसं येतच नव्हतं.

आणि मग नवतपा लागला. रोहिणीतले ते दिवस, जेव्हा सक्करदऱ्याच्या तलावाकडून येणारा वारासुद्धा भट्टीतून आल्यासारखा येतो. रविवार होता, ऊन डोक्यावर आलं होतं. काकाजींच्या कूलरमध्ये क्षाराचे पांढरे थर जमले होते, म्हणून सुनंदा गॅलरीत बसून कूलर धूत होती. मी वर कपडे वाळत घालत होते. तेवढ्यात खालून टणकन आवाज आला आणि पाठोपाठ सुनंदाची किंकाळी, "अवं माय वं!"

मी धावत खाली गेले. दार उघडंच होतं. काकाजी आपल्या खुर्चीत ताठ बसलेले. गॅलरीत सुनंदा, हातात कूलरचा पाण्याचा पंप, आणि पंपाला तोंडच नाही. त्यावर चढलेला क्षार निघेना म्हणून बाईने तो लोखंडी कठड्यावर आपटला होता, आपण चपलेचा चिखल झटकतो तसा. अर्धा पंप हातात राहिला, अर्धा उडून खाली गेला.

"मी न्हाई काकाजी," ती सवयीने म्हणाली. पण या वेळी आवाजात जीव नव्हता.

काकाजींनी तोंडातल्या तोंडात हिशेब सुरू केला. मी त्यांना ओळखत होते, ते मूळ कारण शोधत होते. पंप तेलकट होता? नाही. आधी तडा होता? नाही, सकाळीच बघितला होता. बाईला सांगितलं नव्हतं? सांगितलं होतं. "हळू वं, तो पंप आहे, झाडू नाही," असं त्यांनी स्वतःच दोनदा बजावलं होतं. आणि आपटताना पाहिलं कोणी? त्यांनीच, समोर बसून, दोन्ही डोळ्यांनी. बिचारे मागे मागे शोधत गेले आणि प्रत्येक वाटेच्या शेवटी सुनंदाच उभी होती.

"काकाजी," सुनंदा म्हणाली, "आता माह्या पोट्टीचं शेवटचं वर्ष हाये."

काकाजींचा चेहरा इतका केविलवाणा मी कधी पाहिला नव्हता. आणि जिन्यात पावलं वाजली.

उडालेला तुकडा सेक्रेटरींच्या तुळशीत पडला होता! तो चिमटीत धरून ते नवराबायको दारात हजर. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर मोराचा सगळा वचपा होता.

"काकाजी, हा तुकडा कशाचा?"

सुनंदा गॅलरीत मागे सरकली आणि कूलरच्या आड दिसेनाशी झाली.

"पयले पाहू, मंग बोंबलू," काकाजी म्हणाले. "बसा. पंचनामा सुरू झाला. आता कोणी जागा सोडायची नाही."

त्यांनी आम्हा तिघांना कूलरसमोर बसवलं आणि कूलरचा पंखा सुरू केला. बाप्पा! कोरड्या ताट्यांतून जी झळ आली ती नाकातोंडात शिरली. सेक्रेटरीणबाईंनी पदर तोंडावर घेतला. सेक्रेटरी मात्र घामाघूम होऊन हसत होते.

"गरम हवा येऊन राहिली, काकाजी. लिहा."

काकाजींनी कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं. त्यांचा हात कागदावर टेकलेला होता आणि हलत नव्हता. खोटं लिहिता येत नव्हतं आणि खरं लिहवत नव्हतं. त्यांची मला फार दया आली. मनात म्हटलं, लिहा ना हो एकदा खोटं, कोणाचं काय जातंय? पण मला माहीत होतं, हे लिहिणार खरंच.

आणि तेवढ्यात हवेत वाळ्याचा वास आला.

आधी मला भास वाटला. मग मानेवर गार झुळूक आली. मग दुसरी. ताट्यांमागे पाण्याची सपसप ऐकू येत होती, थांबून थांबून. पाहता पाहता खोली गार व्हायला लागली. सेक्रेटरीणबाईंनी पदर खाली घेतला आणि डोळेच मिटले. "अगंबाई, किती छान हवा आहे हो काकाजींकडे!"

काकाजी आमच्याइतकेच चकित झाले होते. क्षणभर त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी ते मिटलं आणि चष्मा पुसला. मी खिडकीच्या कडेला होते. मला कूलर आणि चौकट यांच्यामधल्या फटीतून एक हिरव्या बांगड्यांचा हात दिसत होता. हातात लोटा. तो बादलीत जायचा आणि ताट्यांच्या वर जायचा, बादलीत जायचा आणि वर जायचा. गॅलरीत उन्हाचा वणवा होता.

"आवाज काहून असा येऊन राहिला?" सेक्रेटरींनी संशयाने विचारलं. "मी गॅलरीत जाऊन पाहतो."

"बसा!" काकाजी असे कडाडले की सेक्रेटरी अर्धे उठलेले खाली बसले. "पंचनाम्यात जागा सोडता येत नाही. मॅडमचं दूध उतू गेलं, पण त्या हलल्या नाहीत. विचारा."

"नाही हलले," मी म्हटलं. त्या दुधाचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला.

काकाजी मोठ्याने वाचत लिहायला लागले. "कूलर सुरू आहे. ताट्यांवर पाणी चढत आहे. हवा गार येत आहे. सेक्रेटरी साहेब, हवा गार येऊन राहिली का नाही? पंच म्हणून सांगा. देवाले स्मरून."

सेक्रेटरींचा शर्ट वाळला होता. ते चुळबुळले. "येऊन त राहिली, पण..."

"पंचनाम्यात 'पण' लिहीत नसतात. वस्तूचा उपयोग थांबला नाही. सबब, नुकसान आढळत नाही."

"अन् हा तुकडा?"

"या तुकड्याचा आत्ताच्या गारव्याशी काही संबंध आढळत नाही. करा सही."

सेक्रेटरीणबाईंनी आधी सही केली आणि अजून थोडं बसू का, असं विचारलं. आणि त्या बसल्या हो! माहेरी आल्यासारख्या पाय पसरून, बहिणीच्या सुनेपासून ते कैरीच्या पन्ह्यापर्यंत सगळं सांगत. मी डोळ्याने कितीदा खुणावलं. तिकडे तो हात आता हळू चालत होता. मध्येच लोटा तिच्या दुसऱ्या हातात गेला, मग पुन्हा पहिल्या. शेवटी सेक्रेटरीच कंटाळून उठले आणि बायकोला घेऊन गेले. तुळशीतला तुकडा ते टेबलावर विसरले.

दार लागल्यावर सुनंदा आत आली. डोक्यापासून पायापर्यंत चिंब, चेहरा उन्हाने लाल, दोन्ही हात लोंबलेले. काकाजींसमोर उभी राहिली आणि जे ती कधीच म्हणाली नव्हती ते म्हणाली.

"म्याच फोडला, काकाजी. माह्याच हातानं. तुमी सांगतलं होतं तरी."

"माहीत आहे मले. मूळ कारण तूच."

"मंग तुमी खोटं लिवलं माह्यासाठी?"

"खोटं?" काकाजी भडकले. "मी आजवर खोटं लिहिलं नाही, भैताड बाई! पंप चांगला आहे असं कुठे लिहिलं? पाणी चढत आहे, एवढंच लिहिलं. चढत नव्हतं का?"

सुनंदा हसायला लागली, आणि हसता हसता तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

काकाजी उठले. वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बस इथे."

"न्हाई बाप्पा! तुमच्या खुर्चीत?"

"बस म्हणतो ना. अन् सांग गार लागून राहिलं का नाही. जागा सोडायची नाही."

ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. काकाजींनी पायजमा वर खोचला, लोटा उचलला आणि गॅलरीत गेले. ताट्यांमागे पुन्हा सपसप सुरू झाली, जरा जास्तच जोरात. गार झुळूक आली. सुनंदा हळूहळू मागे टेकली आणि तिने डोळे मिटले.

"येऊन राहिली का वं हवा?" बाहेरून आवाज आला.

"येऊन राहिली, काकाजी. हळू टाका पन. ते ताटी निसटंन."

"मले शिकवते का?"

आणि धाडकन आवाज झाला. एक अख्खी ताटी निखळून गॅलरीत पडली होती, बादली गडगडत गेली होती, आणि खालून सेक्रेटरींचा आवाज आला, "आता काय फुटलं?"

सुनंदाने दोन्ही हात वर केले आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी ओरडली, "मी न्हाई हो! या बारीले खरंच मी न्हाई! मी माह्या जाग्यावरच आहो!"